घरबसल्या पोस्टडॉक मिळवा!

अभिनंदन. तुमची पीएचडी संपली. व्हायवा झाला, एक्स्टर्नल सरांनी सामोसा संपवून 'व्हेरी गुड वर्क' म्हटलं, गाईडनी पहिल्यांदाच तुमच्या नावाआधी 'डॉक्टर' लावलं आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तुमच्या खुर्चीवर नव्या जेआरएफची सॅक दिसली. टिश्यू इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसापुढे आता बऱ्याच वाटा आहेत. त्यातल्या पगाराच्या वाटा वगळून आपण पोस्टडॉकची वाट धरणार आहोत. खालच्या सूचना क्रमानं पाळा. मधलीच एखादी गाळलीत तर चुकून नोकरी लागण्याची भीती असते.

१. आधी आपण काय करतो ते सांगायला शिका

घरच्यांसाठी एकच वाक्य पाठ करा: 'शरीराबाहेर अवयव वाढवतो.' त्यावर आत्या लगेच विचारेल, "अरे, मग माझा गुडघा होईल का रे तुझ्याकडे?" बेधडक सांगा, "पाच वर्षांत होईल, आत्या." ही थाप नव्हे. या क्षेत्राची ती अधिकृत मुदत आहे आणि ती दरवर्षी आपोआप वाढते. रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांचा टिश्यू इंजिनिअरिंगवरचा गाजलेला लेख 'सायन्स'मध्ये आला १९९३ साली. १९९७ साली पाठीवर कान वागवणाऱ्या उंदराचा शोधनिबंध छापून आला. आकार माणसाचा, कूर्चेच्या पेशी गुरांच्या, पाठ उंदराची. त्या उंदराचा फोटो जगभर फिरला. कान हुबेहूब होता, फक्त त्याला ऐकू काही येत नव्हतं. निवड समितीचं पहिलं यशस्वी मॉडेल म्हणून त्याची नोंद व्हायला हवी होती.

अर्जात मात्र 'गुडघा' हा शब्द चुकूनही वापरू नका. तिथं 'ऑस्टिओकाँड्रल इंटरफेस' असतो.

२. शीर्षकाला कल्हई करा

तुम्ही पाच वर्षं जिलेटिनमध्ये कायटोसान कालवून त्याच्या चकत्या पाडल्या आणि त्यांवर पेशी टाकल्या, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि ज्यांना अर्ज जाणार आहे त्यांनाही माहीत आहे. तरीही तसं लिहायचं नसतं. कायटोसान कोळंबीच्या टरफलांपासून निघतं, पण कोळंबी अर्जात दिसता कामा नये. तिथं 'मरीन-डिराइव्ह्ड सस्टेनेबल बायोपॉलिमर' लिहा. चकतीचा 'स्कॅफोल्ड' करा. स्कॅफोल्ड पाण्यात फुगत असेल तर तो 'स्मार्ट' झाला. गरम केल्यावर वितळत असेल तर 'थर्मोरिस्पॉन्सिव्ह'. थ्रीडी बायोप्रिंटर तुमच्या इमारतीत असेल आणि तुम्ही त्याच्या शेजारून रोज जात असाल, तर 'बायोप्रिंटिंगचा अनुभव' लिहायला हरकत नाही. सध्या यात कुठंतरी एआय घालावा लागतो. कुठं, ते अजून कुणाला कळलेलं नाही, पण घालावा लागतो.

३. ईमेल पाठवा

हा या विद्येचा गाभा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जगातल्या सगळ्या टिश्यू इंजिनिअरिंग लॅबची एक एक्सेल शीट करा. रकाने असे: प्राध्यापकाचं नाव, देश, पेशी कुठल्या, ग्रँट आहे का, ईमेल पाठवला का, आठवण पाठवली का, आठवणीची आठवण पाठवली का. उत्तरासाठी रकाना ठेवू नका. उगाच जागा जाते.

मजकूर एकच लिहायचा आणि नाव बदलत जायचं. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर'नं करायची. समोर बाई निघाल्या तर त्यांनी समजून घ्यायचं. मग लिहायचं, की आपल्या लॅबचं काम मी गेली अनेक वर्षं अत्यंत उत्सुकतेनं वाचत आहे. हे वाक्य लिहिण्याआधी त्यांच्या वेबसाइटवरचा ताजा पेपर डाउनलोड करा. उघडायची गरज नाही, शीर्षक पुरतं. ते शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून पुढं जोडा, 'याने मी विशेष प्रभावित झालो.' एक खबरदारी घ्या. कॉपी-पेस्ट करताना नाव आणि शीर्षक वेगळ्या फाँटमध्ये येतं आणि बाकीच्या काळ्या मजकुरात ते करड्या रंगात उठून दिसतं. प्राध्यापकांना आपलं नाव कुठं चिकटवलंय ते नेमकं कळतं. मागच्या प्राध्यापकाचं नाव तसंच राहिलं असेल तर घाबरू नका. दोघं एकमेकांना ओळखत असतात आणि संध्याकाळपर्यंत दोघांनाही बातमी लागते. तुमचं नाव एकदम दोन ठिकाणी पोचलं!

आता उत्तरांविषयी. नव्वद टक्के वेळा उत्तर येत नाही, आणि हे मनाला लावून घेऊ नका. काही वेळा लगेच येतं. तेव्हा छाती धडधडते, उघडून पाहिलं तर साहेब २८ तारखेपर्यंत रजेवर असल्याचं मशीन कळवत असतं. आणि कधीतरी, फार क्वचित, माणसाचं उत्तर येतं. त्याचा मायना सगळ्या खंडांत एकच: 'प्रोफाइल प्रभावी आहे. सध्या निधी नाही. स्वतःची फेलोशिप घेऊन आलात तर स्वागत आहे.' थोडक्यात, खानावळ आमची, डबा तुम्ही घरून आणा, भांडी घासून जा. हे उत्तर आलं की त्याची प्रिंट काढा. याला यश म्हणतात.

४. डबा आणा

युरोपचा डबा म्हणजे मारी क्युरी फेलोशिप. पूर्ण नाव मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी. अर्जात स्पेलिंग तपासून घ्या, कारण दहा पानांत दुसरं काही तपासायला वेळ उरत नाही. त्या दहा पानांत विज्ञान साधारण तीनेक पानं लागतं. उरलेल्यात युरोपियन समाजाला काय फायदा, लिंगभावाचा पैलू काय, डेटाचं व्यवस्थापन कसं करणार, आणि एक गँट चार्ट. पेशी कोणत्या महिन्यात वाढतील हे त्या चार्टवर रंगीत पट्ट्यांत दाखवायचं असतं. पेशींना तो दाखवू नका.

नियम नीट वाचा. मागच्या तीन वर्षांत यजमान देशात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिला असाल तर तो देश चालत नाही. म्हणजे जर्मनीत राहून जर्मन शिकलात, भाड्याची खोली मिळवलीत, कचरा कुठल्या डब्यात टाकायचा हे कळू लागलं, की तुम्ही जर्मनीसाठी अपात्र. सत्तर टक्क्यांच्या खाली गुण मिळाले तर पुढच्या वर्षी त्याच यजमानाबरोबर परत अर्ज करता येत नाही. आपल्याकडे पस्तीस टक्क्यांना पास करतात हे तिथल्यांना सांगून उपयोग होत नाही. २०२४ साली दहा हजारांहून जास्त अर्ज आले आणि सुमारे सतराशे जणांना फेलोशिप मिळाली. म्हणजे बाकीच्या आठ हजारांपेक्षा जास्त लोकांनी त्या वर्षी गँट चार्ट शिकून घेतला. युरोपियन समाजाला फायदा नाही कसा म्हणता?

हम्बोल्ट फेलोशिप हवी असेल तर पीएचडी ताजी हवी, चार वर्षांच्या आतली. भारतातल्या नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिपला वयाची अट आहे, पस्तीस. काही गटांना आणि स्त्रियांना त्यात सूट मिळते. इकडं गाईडनी थिसिस सहा महिने टेबलावर ठेवला होता, तिकडं घड्याळ चालू होतं. गाईडला याबद्दल दोष देऊ नका, पुढं शिफारसपत्र त्यांच्याकडूनच हवंय.

५. अमेरिकेचा विचार सोडू नका, फक्त तारखा पाहा

एनआयएचच्या बऱ्याचशा पोस्टडॉक फेलोशिपांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. मग तुमचा पगार प्राध्यापकांच्या ग्रँटमधून निघतो. ग्रँटचं नूतनीकरण झालं तर तुमचं झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचनं विद्यापीठांचा ओव्हरहेड १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर लावण्याचा आदेश निघाला. जे-वन व्हिसाला तेवढं लागत नाही, पण तिथं काहींच्या कपाळी दोन वर्षं मायदेशी राहून येण्याची अट असते. आईला ही अट फार आवडते.

६. वॉक-इन इंटरव्ह्यूला जा

परदेशाचं जमेपर्यंत भारतात रिसर्च असोसिएट व्हा. जाहिरात अशी असते: पद एक, निव्वळ तात्पुरतं, प्रकल्प संपताच आपोआप रद्द, टीए-डीए मिळणार नाही. आवश्यक पात्रता नीट वाचा. 'बायोमटेरियलमध्ये पीएचडी' एवढंच असेल तर जा. पण 'बायोमटेरियलमध्ये पीएचडी, सशाच्या मांडीच्या हाडातल्या डिफेक्ट मॉडेलचा दोन वर्षांचा अनुभव, सिल्क फायब्रॉइनच्या इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये प्रावीण्य आणि कन्नड समजत असल्यास प्राधान्य' असं असेल, तर ती जाहिरात नव्हे, ते एका माणसाचं रेखाचित्र आहे. तो माणूस त्या लॅबमध्ये सकाळी सशांना गाजर घालतोय.

तरी जाच. इतका अनुभव दुसरीकडं मिळत नाही. साडेनऊची वेळ दिलेली असते. कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चाळीसेक जण बसलेले असतात, प्रत्येकाच्या मांडीवर बटणाचं फोल्डर. आत दहावीच्या मार्कशीटपासून सगळं ओरिजिनल, दोन सेट झेरॉक्स आणि सहीसाठी चार रुपयांचं पेन. साडेअकराला क्लार्क येतात आणि मायग्रेशन सर्टिफिकेट मागतात. जाहिरातीत त्याचा उल्लेख नव्हता हे दाखवू नका. त्यांनी जाहिरात वाचलेली नसते. शेजारच्याशी बोला. नागपूरहून रात्रभर प्रवास करून आलेली एक मुलगी पाठ टेकून झोपलेली असते आणि तिचं नाव पुकारलं की तिला हलवायचं काम तुमच्याकडं येतं. मग नीट बघा: एक जण फोल्डरशिवाय आलेला असतो. चपला घालून. पॅनेलच्या खोलीत तो न विचारता जातो, प्रोजेक्टरची वायर जोडतो, चहा किती सांगायचा ते विचारून येतो. त्याच्याशी ओळख करून घ्या. तोच निवडला जाणार आहे आणि स्वभावानं चांगला असतो. त्याला स्वतःलाही तुमच्याबद्दल वाईट वाटत असतं.

तुमचा नंबर साडेतीनला लागतो. चार मिनिटं. पहिला प्रश्न: "आधीची लॅब का सोडलीत?" खरं सांगू नका. दुसरा प्रश्न: "आमच्याकडं किती काळ राहाल?" 'प्रकल्प संपेपर्यंत' म्हणा. हे म्हणताना पॅनेलमधलं कुणीतरी हसतं, कारण प्रकल्पाचे सात महिनेच उरलेत हे त्यांना ठाऊक असतं.

१ जानेवारी २०२३ पासून रिसर्च असोसिएटच्या पहिल्या पायरीचं मानधन महिना ५८,००० रुपये आणि घरभाडं आहे. कागदावर आहे. मानधन महिन्याचं असलं तरी ते महिन्याला येतं असा गैरसमज करून घेऊ नका. मार्च एंडला निधी अडकला की तो कधी सुटेल हे मार्चलाच माहीत. घरी सांगताना 'केंद्र सरकारचं आहे' एवढंच सांगा.

७. शिफारसपत्र स्वतः लिहा

"सर, रेकमेंडेशन लेटर हवं होतं." "हो हो, का नाही. ड्राफ्ट पाठव." इथं नवशिके गोंधळतात. तीन रेफरी म्हणजे तीन ड्राफ्ट, तिन्ही तुमचेच, पण आवाज तीन वेगळे हवेत. गाईडच्या पत्रात लांब वाक्यं, को-गाईडच्या पत्रात बुलेट पॉइंट, आणि ज्यांना तुम्ही एका कॉन्फरन्समध्ये जेवणाच्या रांगेत भेटलात त्यांच्या पत्रात भरपूर आत्मीयता. स्वतःची स्तुती करणं आपल्या घरात शिकवलेलं नसतं, त्यामुळं पहिला ड्राफ्ट 'मेहनती, मनमिळाऊ, निर्व्यसनी' असा होतो. तो लग्नाच्या बायोडेटासाठी राखून ठेवा. परदेशी पत्रात 'गेल्या वीस वर्षांतल्या माझ्या सर्वोत्तम तीन विद्यार्थ्यांपैकी एक' असं लागतं. धीर करून लिहा. गाईड ते खोडून 'सिन्सिअर' करतील. आणि मुदतीच्या आदल्या रात्री पोर्टलचा पासवर्ड तुमच्याकडंच मागतील.

८. प्रोव्हिजनल सर्टिफिकेट काढा

तीन महिने आधी सुरुवात करा. जास्त बोलत नाही.

९. लॅब पारखून घ्या

मोठं नाव पाहून भुलू नका असं सगळे सांगतात. मी म्हणतो भुला, पण आधी थोडं वाचा. २०११ साली स्टॉकहोममध्ये पाओलो मॅकियारिनी यांनी प्लास्टिकची श्वासनलिका रुग्णाच्या स्वतःच्या पेशींनी मढवून बसवली. जगभर वाहवा झाली. ज्यांना अशा नळ्या बसवल्या त्यातले बहुतेक दगावले. ज्या सहकारी डॉक्टरांनी तक्रार केली, आधी त्रास त्यांनाच झाला. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयानं मॅकियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा दिली. किंवा जपानचं पाहा. जानेवारी २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये दोन निबंध आले, की साध्या पेशी आम्लात बुचकळल्या की स्टेम सेल होतात. जगभरच्या लॅबमध्ये लोकांनी बुचकळून पाहिलं, पेशी नुसत्याच मेल्या. जुलैत दोन्ही निबंध मागं घेतले गेले. या दोन्ही लॅबमध्ये तेव्हा तुमच्याच वयाचे पोस्टडॉक असणार, आणि त्यांनीही वर्षभर आधी 'आपल्या कामानं मी विशेष प्रभावित झालो' असंच लिहिलं असणार.

म्हणून झूम इंटरव्ह्यूत प्रश्न विचारा. काय विचारावं कळत नसेल तर एकच विचारा: "रविवारी मीडिया कोण बदलतं?" प्राध्यापक जोरात हसले आणि म्हणाले "आम्ही सगळे कुटुंबासारखे आहोत", तर ते तुम्ही बदलणार. गुलाबी मीडिया दोन-तीन दिवसांनी पिवळा पडतो. त्याला दसरा कळत नाही. ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये पेशी सुखात असतात, आणि सिलिंडर नेमका गौरीच्या जेवणाच्या दिवशी दुपारी संपतो. ताट वाढलेलं असतं आणि फोन येतो. मायकोप्लाझ्मा तर साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतही नाही. चार महिन्यांचा प्रयोग डोळ्यांदेखत छान वाढत असतो, आणि टेस्ट आली की सगळं ब्लीचमध्ये. अशा वेळी लॅबमध्ये रडायची जागा म्हणजे कोल्ड रूम. तिथं चार अंश असतं, डोळे लाल झाले तरी कुणी विचारत नाही.

१०. शंका-समाधान

पोस्टडॉक किती वर्षं करावं? पहिलं दोन वर्षं. दुसरं पहिल्याचे पेपर पूर्ण करायला. तिसरं, दुसऱ्याचं स्पष्टीकरण द्यायला.

त्यापेक्षा कंपनीत जाऊ का? जरूर. पण या क्षेत्राची तऱ्हा माहीत असू द्या. पायाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी 'ॲप्लिग्राफ' नावाची जिवंत त्वचा बनली आणि १९९८ साली अमेरिकेच्या एफडीएनं ती मंजूर केली. खरी, उपयोगी, माणसांच्या पायांवर चालणारी वस्तू. ती बनवणाऱ्या ऑर्गॅनोजेनेसिस कंपनीनं २००२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी त्वचा बनवणाऱ्या दुसऱ्या मोठ्या कंपनीनंही केला. ऑर्गॅनोजेनेसिस पुढं सावरली. म्हणजे प्रयोग यशस्वी होऊनही बुडता येतं, फक्त त्याला पीएचडीपेक्षा जास्त भांडवल लागतं.

घरचे विचारतात, पर्मनंट कधी होणार? मुलाकडच्यांनी किंवा मुलीकडच्यांनी विचारलं तर 'सायंटिस्ट आहे' म्हणा आणि विषय गुडघ्यावर न्या. खोलीत साठीच्या पुढची तीन माणसं असली तरी अर्धा तास निघतो. एखादे काका 'डॉक्टर म्हणजे औषध देणारा का?' असं विचारतीलच. त्यांना ॲसिडिटीवर काहीतरी सांगून टाका, ते खूश होतात.

प्राध्यापक होता येतं का? येतं. आयआयटीच्या जाहिरातीत पीएचडीनंतरचा तीन वर्षांचा अनुभव मागतात, तो तुमच्याकडं एव्हाना सहज साठला असेल. तेवढाच तो अर्ज करणाऱ्या बाकी सगळ्यांकडं आहे. नाहीतर गावाजवळच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवा. तिथं बायोप्रिंटर नसतो, पण पोरं प्रश्न विचारतात. तासिका तत्त्वाचं मानधनही वेळेवर येत नाही, त्यामुळं परकं वाटणार नाही.

अर्जाला फोटो लावावा का? जर्मनीत लावलेला चालतो. अमेरिकेत लावू नका. भारतात सहा लावा, दोन सही करून. व्हिसाचे वेगळे काढावे लागतील. ते काढताना फोटोवाला सांगेल की हसायचं नाही, दात दिसले तर फोटो परत येतो. ही एक अट तुम्ही पहिल्याच फटक्यात पूर्ण कराल.